फाइलींना शेपटी फुटली तर

मामाचा फोन आला. "अगं, माझ्या सगळ्या फाइलींना शेपट्या फुटल्यात."

मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्याने नावं वाचून दाखवायला सुरुवात केली. पत्र बारा डॉट जेपीजी, त्यापुढे आणखी एक टिंब आणि चार अक्षरं, ज्यांना कुठल्याच भाषेत अर्थ नाही. आईच्या गप्पा डॉट एमपीफोर, पुढे तीच चार अक्षरं. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक नवी टेक्स्ट फाइल, आणि तिच्यात इंग्रजीत मजकूर: काळजी करू नका, तुमच्या सगळ्या फाइली परत मिळतील. किंमत ९८० डॉलर. ७२ तासांच्या आत संपर्क केलात तर निम्मी, म्हणजे ४९०.

"फॉरमॅट मारतो आता," मामा म्हणाला.

"कशाला हात लावू नकोस. इंटरनेटची वायर काढ आणि नुसता बसून राहा."

ही २०२० मधली गोष्ट. लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हाच माझा धंदा, त्यामुळे रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, त्याआधीही पाहिलं होतं. पण ऑफिसातल्या फाइली हिशेबाच्या असतात. इथे मामाने सहा वर्षं खपून जमवलेली वंशावळ होती, स्कॅन केलेली जुनी पत्रं होती आणि आजीच्या बोलण्याचे व्हिडिओ होते. आजी तोवर गेली होती. त्या चार दिवसांत काय केलं, माझं काय चुकलं आणि पुढे इतरांच्या मशीनवर काय शिकले ते क्रमाने लिहिते. क्रम सोडू नका. व्हायरस काढणं हे यातलं सोपं काम. फाइली परत मिळवणं हे दुसरं आणि अवघड. पहिलं काम घाईने उरकलं की दुसऱ्याला लागणारं सामान त्यातच पुसून जातं. मामा फॉरमॅट मारून मोकळा झाला असता तर मला पुढे हातपाय हलवायलाच जागा उरली नसती.

पहिला तास

नेटवर्क तोडा. वायर उपसा, वायफाय बंद करा, आणि शंका असेल तर राउटरच बंद करा. त्याच नेटवर्कवर दुसरे कॉम्प्युटर असतील तर तेही सोडवा, कारण काही जाती शेजारच्या मशीनमध्ये आपोआप शिरतात. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर सुटला तो असाच, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भोकातून. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी लावलं नव्हतं ते अडकले.

जोडलेली एक्स्टर्नल ड्राइव्ह, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, सगळं काढून घ्या. ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर फाइली आपोआप चढत असतील तर दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून लॉगिन करून हा कॉम्प्युटर तिथून काढून टाका. नाहीतर बिघडलेल्या फाइली इमानेइतबारे वर चढत राहतात.

आता कॉम्प्युटर बंद करायचा की चालू ठेवायचा? यावर जाणकारांचंही एकमत नसतं. माझा नियम असा: डोळ्यांदेखत फाइलींची नावं बदलत असतील, डिस्कचा दिवा थांबायला तयार नसेल, तर पॉवरचं बटण दाबून धरा आणि बंद करा. जेवढ्या फाइली वाचल्या तेवढ्या वाचल्या. पण काम आधीच उरकलेलं असेल आणि खंडणीची चिठ्ठी स्क्रीनवर असेल, तर नेटवर्क तोडून मशीन चालू ठेवा. जमलं तर हायबरनेट करा, म्हणजे मेमरीत जे आहे ते डिस्कवर उतरतं. यामागे कारण आहे. वॉनाक्रायच्या वेळी एड्रियां गिने या फ्रेंच संशोधकाला दिसलं की फाइली उघडणारी किल्ली, म्हणजे एक गुप्त संख्या, बनवताना वापरलेल्या मूळ संख्या (प्राइम नंबर) विंडोज एक्सपीच्या मेमरीत तशाच पडून राहतात. त्याने त्या वेचून किल्ली पुन्हा बनवणारं टूल लिहिलं आणि पुढे वानाकिवी नावाच्या टूलने तेच विंडोज ७ वरही केलं. अट एकच होती, कॉम्प्युटर मधे रीस्टार्ट झालेला नको. किती जणांनी घाबरून आधी रीस्टार्टच केलं असेल! दरवेळी असा योग येत नाही, पण मशीन चालू ठेवायला पैसे पडत नाहीत.

मग फोनने फोटो काढा. स्क्रीनचा, चिठ्ठीचा, फोल्डरमधल्या नावांचा. चिठ्ठीत तुमचा वैयक्तिक आयडी म्हणून अक्षरं आणि आकड्यांची लांब माळ असते. ती स्पष्ट दिसेल असा एक फोटो वेगळा काढा. चिठ्ठी डिलीट करू नका, ती पुढे लागणार आहे.

मामाने सांगितलं नव्हतं ते

तिथे पोचल्यावर मी विचारलं, "काय डाउनलोड केलं होतंस?" तो म्हणाला, काही नाही. डॉक्टरकडे लोक पथ्याबद्दल बोलतात त्याच सुरात. डाउनलोडचं फोल्डर उघडलं तर सगळ्यात वर एक झिप फाइल. शंभर स्कॅन एकत्र जोडून एकच पीडीएफ करायचं होतं. विकतच्या सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली फुकट प्रत सापडली. बरोबरच्या सूचनेत लिहिलं होतं, चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. मामाने शहाण्या मुलासारखा केला. मग स्क्रीनवर 'विंडोज अपडेट चालू आहे' अशी खिडकी आली, टक्के हळूहळू चढत होते आणि तो खुर्चीत डुलक्या काढत ते संपायची वाट बघत राहिला. ती खिडकी खोटी होती. तिच्यामागे फाइलींना कुलपं लागत होती.

हे सगळं माझ्यासाठी निदान होतं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, खोटी अपडेट खिडकी, चार अक्षरांची शेपटी, ९८० आणि ४९० चा हिशेब: ही स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाच्या घराण्याची सही होती. घरगुती कॉम्प्युटरवर तेव्हा सगळ्यात जास्त तेच दिसायचं. म्हणून, ज्याचं मशीन आहे त्याला न रागावता विचारा. लाजेपायी लोक लपवतात आणि त्यात निदानाचे दोन दिवस जातात.

निदानाआधी हेही बघा की खरंच कुलूप लागलंय का. ब्राउझर पूर्ण स्क्रीन व्यापून सायरन वाजवतो आणि 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला' म्हणतो, ते बहुतेक वेळा नुसतं वेबपान असतं. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की विषय संपला. काही भामटे फाइली फक्त लपवतात किंवा नाव तेवढं बदलतात. एखाद्या फाइलची प्रत काढा, प्रतीच्या नावामागची शेपटी छाटा आणि उघडून बघा. उघडली तर देव पावला. मामाची उघडली नाही.

किल्ली कुठे असते

फाइली उघडत का नाहीत हे थोडं समजून घेतलं तर पुढची फसवणूक टळते. व्हायरस फाइलींना एका झटपट चालणाऱ्या किल्लीने कुलूप लावतो. मग ती किल्ली दुसऱ्या, जोडकिल्लीच्या पद्धतीने बंद करतो. त्या जोडीतली बंद करणारी किल्ली व्हायरसबरोबर येते, उघडणारी चोराकडेच राहते. सगळं नीट लिहिलेलं असेल तर जगातला कुठलाही कॉम्प्युटर ती अंदाजाने काढू शकत नाही. म्हणून 'आमच्या खास सॉफ्टवेअरने कुठलंही रॅन्समवेअर उघडतो' म्हणणारा माणूस एकतर खोटं बोलतोय, नाहीतर तुमच्याकडून पैसे घेऊन गुपचूप चोराला देणार आहे आणि वर आपला नफा ठेवणार आहे.

तरीही किल्ल्या मिळतात, त्या तीन वाटांनी. व्हायरस लिहिणाऱ्याने गणितात चूक केलेली असते. किंवा पोलीस त्यांचे सर्व्हर ताब्यात घेतात, जसं फेब्रुवारी २०२४ मध्ये लॉकबिटच्या टोळीचं झालं. किंवा चोर स्वतःच दुकान बंद करतो. मे २०१६ मध्ये टेस्लाक्रिप्टच्या टोळीने गाशा गुंडाळला तेव्हा ईसेट कंपनीच्या एका संशोधकाने त्यांच्याच मदत कक्षात मुख्य किल्ली मागितली, आणि त्यांनी ती चक्क जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये शेडच्या टोळीने माफी मागत साडेसात लाख किल्ल्या उघड केल्या. ज्यांनी कुलूपबंद फाइली जपून ठेवल्या होत्या त्यांना त्या मिळाल्या. ज्यांनी वैतागून डिलीट केल्या होत्या ते बघत बसले.

जात ओळखायला दोन भरवशाच्या जागा आहेत. एक, मायकेल गिलेस्पी यांनी सुरू केलेली आयडी रॅन्समवेअर ही साइट. दुसरी नो मोअर रॅन्सम. ती जुलै २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल, कॅस्परस्की आणि इंटेल सिक्युरिटी यांनी मिळून काढली, आणि फुकट डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडणारी टूल्स, तिथे एकत्र ठेवलेले आहेत. दोन्हीकडे चिठ्ठी आणि नमुन्याची एक कुलूपबंद फाइल चढवायची. नमुना बिनमहत्त्वाचा निवडा, बँकेचं स्टेटमेंट नको. हे काम अर्थात दुसऱ्या, निरोगी कॉम्प्युटरवरून. डीजेव्हीयू तर विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये सुरक्षा साइटींची नावं घालून त्या उघडूच देत नाही.

डिक्रिप्टर शोध इंजिनात टाइप करून पहिल्या दुव्यावरून उतरवू नका. २०२० मध्ये झोरॅब नावाचं रॅन्समवेअर डीजेव्हीयूचा डिक्रिप्टर असल्याचं सोंग घेऊन फिरत होतं. मदत म्हणून ते चालवलं की कुलपावर दुसरं कुलूप.

मामाच्या आयडीचं शेवटचं टोक मी तीनदा वाचलं. डीजेव्हीयूत एक बारकी फट आहे. व्हायरसला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं तर तो तुमच्यापुरती वेगळी किल्ली आणतो, तिला ऑनलाइन किल्ली म्हणतात. बोलता आलं नाही तर स्वतःबरोबर आणलेली ऑफलाइन किल्ली वापरतो, आणि ती त्या प्रकारात अडकलेल्या सगळ्यांची सारखीच असते. एकाला मिळाली की सगळ्यांची सुटका होते. ऑफलाइनवाल्यांच्या आयडीच्या शेवटी इंग्रजी टी आणि १ असतो. एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीचा फुकट डिक्रिप्टर ऑक्टोबर २०१९ मध्ये आला तो जुन्या प्रकारांवर आणि अशा ऑफलाइन किल्ल्यांवर चालतो. मामाच्या आयडीच्या शेवटी ना टी होता, ना १.

माझी चूक

इथे माझीच गोष्ट सांगते. डिक्रिप्टर आणि स्कॅनर पेन ड्राइव्हवर घेऊन गेले होते. मामाच्या मशीनला लावला, एक फाइल चाळली, मामाशी दोन शब्द बोलले आणि वळून बघते तर माझ्या पेन ड्राइव्हवरच्या फाइलींनाही शेपट्या. डीजेव्हीयू एकदा काम उरकून झोपत नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये तो एक काम लावून ठेवतो, आणि ते दर पाच मिनिटांनी उठून नवीन फाइली शोधतं. धंद्यात इतकी वर्षं काढून मी त्याच्या पुढ्यात ताट वाढून ठेवलं. मामा काही बोलला नाही, नुसता हसला.

तेव्हा आजारी विंडोज चालू असताना काहीही जोडू नका. योग्य रीत अशी: निरोगी कॉम्प्युटरवर लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवा, आजारी मशीन त्यावरून चालू करा, म्हणजे विंडोज आणि त्यातला व्हायरस दोघेही निजलेले राहतात. मग एक रिकामी एक्स्टर्नल ड्राइव्ह जोडून सगळ्या कुलूपबंद फाइली, चिठ्ठी आणि आयडीची फाइल तिच्यावर उतरवा. क्लोनझिला वापरता येत असेल तर अख्ख्या डिस्कचीच प्रत घ्या. मेमरी डिस्कवर उतरवली असेल तर तीही त्या प्रतीत येते. डीजेव्हीयू आयडी सी ड्राइव्हवर सिस्टिमआयडी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, तो विसरू नका. हे होईपर्यंत साफसफाई नाही, स्कॅन नाही, काही नाही. स्कॅनर कधीकधी चिठ्ठी आणि आयडीसुद्धा 'संशयास्पद' म्हणून उचलून टाकतो.

काय काय परत आणता येतं

आधी विंडोजच्या स्वतःच्या जुन्या प्रती बघा. फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स. बहुतेक रॅन्समवेअर आल्या आल्या या शॅडो कॉपी पुसतं, पण तेवढा अधिकार मिळाला नाही तर त्या राहून जातात. तपासायला एक मिनिट लागतं. मामाच्या पुसल्या होत्या. सिस्टिम रिस्टोरवर मात्र आशा ठेवू नका, तो तुमच्या फाइली परत देत नाही.

डिलीट झालेल्या फाइली शोधणारं फोटोरेकसारखं सॉफ्टवेअर कधी चालतं, कधी नाही. काही व्हायरस कुलूपबंद प्रत नव्याने लिहून मूळ फाइल डिलीट करतात, तिथे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर बरंच सापडू शकतं. एसएसडीवर ट्रिम नावाची सोय डिलीट झालेली जागा लगेच मोकळी करते, तिथे सहसा काही हाती लागत नाही. जागच्या जागी लिहिणाऱ्या व्हायरसपुढेही याचा उपयोग नाही. आणि सापडलेली फाइल त्याच डिस्कवर कधीच ठेवायची नाही.

क्लाउडवर फाइली असतील तर तिथला कचऱ्याचा डबा आणि जुन्या आवृत्त्या बघा. गूगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांनी रिकामा होतो. वनड्राइव्हच्या वर्गणीत सगळा साठा मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या वेळेला परत नेता येतो. म्हणजे घड्याळ चालू आहे, हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

मग माणसांकडे वळा. मी मामाला वही दिली आणि म्हटलं, गेल्या सहा वर्षांत तू कुठली फाइल कोणाला पाठवलीस ते आठवून लिही. पाठवलेल्या मेलमध्ये वंशावळीच्या नऊ आवृत्त्या निघाल्या, शेवटची जेमतेम दोन महिने जुनी. चुलत्यांच्या फोनमध्ये, कुटुंबाच्या ग्रुपवर पन्नासेक पत्रांचे फोटो सापडले. स्कॅनइतके स्वच्छ नाहीत, पण अक्षर लागतं. या वहीने जेवढं परत दिलं तेवढं कुठल्याच सॉफ्टवेअरने दिलं नाही.

आता आजीचे व्हिडिओ. घाईत काम उरकायचं म्हणून डीजेव्हीयू मोठ्या फाइलीला पूर्ण कुलूप लावत नाही. सुरुवातीचे सुमारे १५० केबी तेवढे बिघडवतो, बाकी सगळं जसंच्या तसं असतं. छोटं पत्र त्यात अख्खं जातं. पण ४० मिनिटांच्या व्हिडिओत १५० केबी म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ. अडचण एवढीच की फाइलीचं तोंड गेलेलं असतं, म्हणून प्लेअर तिला ओळखत नाही. अशा वेळी त्याच कॅमेऱ्याची किंवा फोनची, त्याच सेटिंगवर काढलेली एक धडधाकट फाइल लागते. मीडिया रिपेअरसारखं टूल तिचं तोंड बघून मोडलेल्या फाइलीला नवं बसवतं. अर्थात हे सगळं प्रतीवरच करायचं, मूळ कुलूपबंद फाइलीवर कधीच नाही. मामाच्या फोनवरून खिडकीबाहेरचा एक मिनिटाचा फालतू व्हिडिओ घेतला, तो नमुना म्हणून दिला आणि टूल चालवलं. पहिल्या प्रयत्नात हिरवे चौकोन आले. फोन आडवा धरून पुन्हा घेतला, कारण मूळ व्हिडिओ आडवे होते. या वेळी आधी खरखर आली, मग आजी मधूनच बोलायला लागली, "...आणि मग तो काय म्हणाला माहितेय?" मामा उठून बाहेर गेला.

अकरापैकी आठ व्हिडिओ असे परत आले. तीन जुन्या फोनवरचे होते, त्या फोनचा नमुना मिळाला नाही. एमपीथ्रीचं याहून सोपं: पुढचा बिघडलेला तुकडा ओलांडून बहुतेक प्लेअर पुढचं वाजवतात. मोठ्या झिपमधल्या, पहिल्या तुकड्यानंतरच्या फाइली सेव्हन झिप किंवा विनरारच्या दुरुस्तीने बाहेर काढता येतात. वर्डची नवी फाइल आतून झिपच असते, त्यामुळे भरपूर चित्रं असलेल्या मोठ्या दस्तऐवजातून निदान काही चित्रं सुटतात. हे डीजेव्हीयूपुरतं. पण इतरही काही जाती वेगासाठी मोठ्या फाइलीचा काही भागच बिघडवतात, तेव्हा आपल्या जातीचं वागणं वाचून घ्या.

पैसे द्यायचे का

मामाने दुसऱ्या रात्री विचारलं, "४९० देऊन टाकू का?" त्याचा ७२ तासांचा काटा पुढे सरकत होता. मी नको म्हटलं, पण कारणं सांगितली, उपदेश केला नाही. एक, चोर किल्ली देईलच असं नाही. २७ जून २०१७ च्या नॉटपेट्याने रॅन्समवेअरचं सोंग घेतलं होतं. आतून तो फाइली नासवायलाच बनवला होता, आणि चिठ्ठीतला मेलचा पत्ता त्या मेल कंपनीने त्याच दिवशी बंद केला. पैसे भरणाऱ्यांना उत्तर द्यायलाही कोणी नव्हतं. दोन, किल्ली मिळाली तरी काम होईलच असं नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधन कंपनीने ७५ बिटकॉइन मोजले, आणि मिळालेलं टूल इतकं संथ निघालं की त्यांना स्वतःचे बॅकअप वापरत राहावं लागलं. तीन, एकदा पैसे देणारा म्हणून नाव लागतं. ज्यांचा अख्खा धंदा थांबलाय त्यांचं गणित वेगळं असू शकतं, त्यांनी वकील आणि पोलीस यांच्याशी बोलून ठरवावं. सायबर पोलिसांकडे तक्रार मात्र सगळ्यांनीच करा. पुढे सर्व्हर पकडला गेला तर किल्ल्या देताना तुमचं नाव यादीत असलेलं बरं.

ऑफिस असेल तर आणखी एक भानगड. २०१९ च्या अखेरीस मेझ नावाच्या टोळीने फाइली आधी चोरून न्यायच्या आणि पैसे नाही दिले तर उघड करायच्या, हा प्रकार रूढ केला. तेव्हा तुमच्याकडे बॅकअप असला तरी ग्राहकांची माहिती बाहेर गेली असं धरून चाला आणि त्यांना सांगा.

साफसफाई

यावर मी फार लिहिणार नाही, कारण माझं मत एकच आहे: डिस्क कोरी करून विंडोज नव्याने टाका. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, डिफेंडरचा, ऑफलाइन स्कॅन, शेड्युलरमधलं काम काढणं, होस्ट्स फाइल पुसणं, हे सगळं करून व्हायरस जातोही. पण तो एकटा आला होता का हे कळत नाही. डीजेव्हीयूबरोबर ॲझोरअल्टसारखे पासवर्ड चोरणारे जोडीदार येताना पकडले गेलेत. अशा मशीनवर पुन्हा बँक उघडायची मला हिंमत नाही. निरोगी कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज घ्या, इन्स्टॉल करताना जुनी सगळी पार्टिशनं डिलीट करा, पुढे अपडेट.

पासवर्ड विसरू नका, लोक इथेच विसरतात. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड चोराकडे गेले असं समजा. ते दुसऱ्या मशीनवरून बदला, आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांच्या चाव्या तिथूनच फिरतात, मग बँक, मग उरलेले. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा' हेही दाबा, कारण चोराने चालू लॉगिनच उचललेलं असू शकतं. जमेल तिथे दुहेरी पडताळणी लावा.

फाइली परत कॉम्प्युटरवर आणताना निवडून आणा. दस्तऐवज, फोटो, व्हिडिओ ठीक. डाउनलोडचं जुनं फोल्डर जसंच्या तसं उचलून आणलंत तर तीच झिप पुन्हा घरात येते.

पुढच्या वेळेसाठी

मामाच्या नव्या विंडोजवर मी तीन गोष्टी केल्या. रोजचं खातं साधं ठेवलं, ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं, आणि त्याचा पासवर्ड मामीकडे. फाइलींची शेवटची अक्षरं दिसतील असं सेटिंग केलं, म्हणजे बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई अशा नावाच्या प्रोग्रामचं सोंग उघडं पडतं. आणि डिफेंडरमधला कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू केला. तो मुळात बंद असतो, आणि चालू केल्यावर साध्या सॉफ्टवेअरलाही अडवून डोकं खातो, पण अनोळखी प्रोग्रामला तुमच्या फोल्डरमध्ये लिहू देत नाही.

बॅकअपचा नियम जुनाच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. मी त्यात भर घालते, एक तरी प्रत वायर काढलेली. सतत जोडून ठेवलेली ड्राइव्ह आणि आपोआप चढणारा क्लाउड यांच्या भरवशावर राहू नका. नॉटपेट्याने मेर्स्क या जहाज कंपनीला गाठलं तेव्हा त्यांच्या नेटवर्कचा नकाशा सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते, सगळे एकमेकांशी आपोआप जुळवून घेणारे. आणि सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो घानातला एक, तिथे हल्ल्याच्या वेळी वीज गेली होती म्हणून. त्याच्यावरून सगळं पुन्हा उभं केलं.

मामाकडे आता दोन ड्राइव्ह आहेत, आलटून पालटून जोडायच्या, एक नेहमी माझ्याकडे. तिसरी, कुलूपबंद फाइलींची, त्याच्या कपाटात कागदाची चिठ्ठी चिकटवून ठेवलीय: जात, शेपटी, आयडी, तारीख. अधूनमधून मी त्या आयडीची किल्ली आली का बघते. अजून आलेली नाही.

प्रत घेतल्यावर तिच्यातली एखादी फाइल उघडून बघायची, असं मी त्याला बजावलंय, कारण न उघडणारा बॅकअप ऐन वेळी कळून उपयोग नाही. तो उघडतो. पण दरवेळी आजीचाच एक व्हिडिओ. दरवेळी वेगळी फाइल तपास, असं सांगून मी दमले.